उडालेला अॅम्प्लिफायर: नवे ट्रान्झिस्टर बसवण्याआधी काय तपासायचं

फ्यूज उडाला, सेट उघडला, आउटपुट ट्रान्झिस्टर शॉर्ट निघाले, नवे आणून बसवले, स्विच दाबला आणि बारीकसा आवाज होऊन तेही गेले. नवशिक्याची पहिली दुरुस्ती बऱ्याचदा इथेच संपते. मेलेला ट्रान्झिस्टर मीटरवर लगेच सापडतो, पण त्याला मारणारा भाग बहुतेकदा बोर्डावर धडधाकट दिसत बसलेला असतो. तो सापडेपर्यंत सेटला थेट २३० व्होल्ट द्यायचे नाहीत. खालचा सगळा क्रम या एका नियमाभोवती लावलेला आहे.

उदाहरणाला आपल्याकडे सर्वांत जास्त दिसणारा सेट घेतला आहे: दोन रेलचा, म्हणजे प्लस-मायनस सप्लायचा क्लास एबी अॅम्प्लिफायर. त्यात २एससी५२०० आणि २एसए१९४३ या ट्रान्झिस्टरांच्या जोड्या असतात आणि ट्रान्सफॉर्मर २८-०-२८ किंवा ३५-०-३५ चा असतो. मंडपवाल्यांकडे, छोट्या हॉलमध्ये आणि तयार बोर्ड आणून असेंबल केलेल्या सेटांत हाच असतो. क्लास डी आणि एसएमपीएसवाल्या (स्विचिंग पॉवर सप्लायच्या) सेटांची पद्धत वेगळी आहे, त्यांच्या प्राथमिक बाजूला ३०० व्होल्टांच्या वर डीसी असतो. सुरुवात त्यांच्यापासून करू नका.

सिरीज दिवा

मल्टिमीटरच्याही आधी ही गोष्ट बनवा. लाकडी पाटीवर एक होल्डर आणि एक सॉकेट लावायचं. सॉकेटला जाणारी फेजची तार मध्ये तोडून होल्डरमधून न्यायची. न्यूट्रल आणि अर्थ सरळ. होल्डरमध्ये १०० वॉटचा तारेचा, म्हणजे फिलामेंटवाला दिवा. एलईडी बल्ब इथे काही कामाचा नाही. फिलामेंट थंड असताना त्याचा रोध चाळीसेक ओहम असतो आणि पूर्ण तापल्यावर पाचशेच्या वर जातो. त्यामुळे सेटमध्ये शॉर्ट असेल तर सगळा दाब दिव्यावर पडतो, दिवा लखलखतो आणि करंट अर्ध्या अँपिअरच्या आत राहतो. ट्रान्झिस्टर वाचतो, फ्यूज वाचतो. सेट चांगला असेल तर कंडेन्सर भरेपर्यंत क्षणभर दिवा पेटतो आणि मग विझत जातो, किंवा नुसती तार लाल दिसते. मोठ्या ट्रान्सफॉर्मरला १०० वॉट अपुरा पडला तर दोन दिवे पॅरलल लावा. फिलामेंटचे दिवे हल्ली दुकानात सहज मिळत नाहीत, मिळाले तर दोन जास्तीचे घेऊन ठेवा. हॅलोजनची नळीही चालते.

बाकी सामानात डायोड रेंज आणि २०० मिलिव्होल्टची रेंज असलेला मीटर हवा, बारीक भागांना २५ वॉटची आणि जाड पायांना ६० वॉटची सोल्डरिंग गन, सोल्डर पंप, २२० ओहम ५ वॉटचा रेझिस्टन्स, अभ्रकाचे तुकडे, सिलिकॉन पेस्ट, कॉन्टॅक्ट क्लीनर आणि जळला तरी वाईट वाटणार नाही असा एक जुना ८ ओहमचा स्पीकर.

उघडण्याआधी विचारायचं

सेट घेऊन आलेल्या माणसाला विचारा: बंद कधी पडला, तेव्हा किती स्पीकर लावले होते, जनरेटरवर चालू होता का? ८ ओहमचे चार स्पीकर पॅरलल लावले की २ ओहम होतात आणि असे बहुतेक सेट ४ ओहमपर्यंतच धरून बनवलेले असतात. वायर पायाखाली येऊन शॉर्ट झाली, जनरेटरचं व्होल्टेज चढलं, पंखा धुळीने बसला, अशी उत्तरं आली की अर्धं निदान तिथेच होतं. गणपतीच्या आधी अकरा महिने पडून राहिलेला सेट बाहेर काढल्यावर येणारे दोष मात्र निराळे असतात: गंजलेले रिले, सुकलेले कंडेन्सर, उंदरांनी कुरतडलेल्या वायरी.

लक्षणही नीट ऐकून घ्या. फ्यूज लगेच उडत असेल तर ब्रिज (एसीचा डीसी करणारे चार डायोड), फिल्टर कंडेन्सर (तो डीसी सपाट करणारे मोठे कंडेन्सर) किंवा आउटपुट शॉर्ट. फ्यूज शाबूत, पण स्पीकर वाचवणारा प्रोटेक्शनचा रिले ‘टक्’ करून लागतच नाही, म्हणजे बहुधा आउटपुटवर डीसी आहे. रिले लागतो, पण हळू आवाजात एक चॅनेल गायब होतो आणि आवाज वाढवला की परत येतो, हा जवळजवळ नेहमी रिलेच्या काळ्या पडलेल्या कॉन्टॅक्टचा दोष असतो. तिथे ट्रान्झिस्टर काढत बसू नका, रिले बदला. हळू आवाजात बोलणं फाटल्यासारखं येतं आणि मोठ्या आवाजात बरं वाटतं, तर बायस, म्हणजे गाणं नसतानाही आउटपुट ट्रान्झिस्टरांतून वाहू दिलेला थोडासा करंट, कमी आहे.

घोंगाटाचे दोन प्रकार कानाने वेगळे करता येतात. व्हॉल्यूम पूर्ण खाली केला तरी जाड ‘घोंऽऽ’ येतच राहतो, तेव्हा फिल्टर कंडेन्सर सुकलेला असतो किंवा ग्राउंडची जागा चुकलेली असते. व्हॉल्यूमबरोबर कमी-जास्त होत असेल तर इनपुटची शील्ड तुटली आहे किंवा दोष प्रीअॅम्पमध्ये आहे. नुसती खरखर नॉब फिरवताना येत असेल तर पॉटमध्ये, म्हणजे नॉबमागच्या फिरत्या रेझिस्टन्समध्ये, कॉन्टॅक्ट क्लीनर मारून वीसेक वेळा फिरवा. शिवणयंत्राचं तेल घालू नका, त्यावर धूळ बसून महिन्याभरात पॉट पुन्हा येतो.

उघडल्यावर

प्लग काढा. हातातलं कडं, अंगठी उतरवा. फिल्टर कंडेन्सर प्लग काढल्यावरही भरलेले असतात. १०,००० मायक्रोफॅरडचा कंडेन्सर स्क्रूड्रायव्हरने शॉर्ट केला की टोक वितळतं आणि पायही हलतो. २२० ओहमचा रेझिस्टन्स चिमट्यात धरून दोन्ही टोकांना पंधरा सेकंद टेकवा, प्लसवाल्याला आणि मायनसवाल्याला वेगवेगळा. मग मीटरने खात्री करा: १ व्होल्टच्या खाली आलं की हात घाला. मेन स्विच आणि फ्यूज होल्डरच्या उघड्या टोकांवर लगेच स्लीव्ह चढवा. पुढे सेट उघडाच चालू करायचा आहे.

आता नुसतं बघा. पांढऱ्या सिमेंटच्या एमिटर रेझिस्टन्सला तडा, बेसच्या छोट्या रेझिस्टन्सवर काळा डाग, फुगलेला कंडेन्सर. आउटपुटजवळ १० ओहम आणि ०.१ मायक्रोफॅरडची एक जोडी असते, तिला झोबेल म्हणतात. तिथला रेझिस्टन्स करपलेला दिसला तर अॅम्प्लिफायर ऑसिलेट होत होता, म्हणजे कानाला ऐकू न येणारी मोठी फ्रीक्वेन्सी आउटपुटला काढत होता. हे चिन्ह लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल. जाड पायांच्या मुळाशी सोल्डरमध्ये गोल अंगठीसारखी चीर दिसली की तो ड्राय सोल्डर. नुसता चटका देऊ नका, जुनं सोल्डर पंपाने काढून नवं भरा.

थंड तपासणी

मीटर डायोड रेंजवर. ५२०० ला समोरून वाचताना डावीकडून बेस, कलेक्टर, एमिटर. लाल प्रोब बेसवर ठेवून काळा आधी कलेक्टरवर, मग एमिटरवर: दोन्हीकडे साधारण ०.५ ते ०.६. १९४३ ला काळा बेसवर आणि लाल इतर दोघांवर. कलेक्टर-एमिटरमध्ये ०.००० आलं की शॉर्ट. पण इथेच नवखा फसतो. तीन जोड्या पॅरलल असल्या आणि एकच शॉर्ट असला तरी तिन्ही शॉर्टच दिसतात, कारण एमिटरमधला ०.२२ ओहम साध्या मीटरला दिसतच नाही. प्रत्येक एमिटर रेझिस्टन्सचा एक पाय उचला आणि मग एकेक मोजा. शॉर्ट आहे तो वेगळा पडतो. रेझिस्टन्स स्वतः ओपन आहे का, तेही त्याच वेळी कळतं.

मोडतोड ठरावीक साखळीने होते. आउटपुट शॉर्ट होतो, एमिटर रेझिस्टन्स उडतो, बेसमधून उलटा आलेला करंट आउटपुटला चालवणाऱ्या छोट्या ट्रान्झिस्टरला, म्हणजे ड्रायव्हरला, मारतो, ड्रायव्हरच्या बेसचा १०० ओहमच्या आसपासचा रेझिस्टन्स ओपन होतो, कधी कधी त्यामागचा व्होल्टेज अॅम्प्लिफायर ट्रान्झिस्टरही जातो. म्हणून आउटपुट शॉर्ट सापडला की तिथे न थांबता याच क्रमाने मागे मोजत जा. सगळं बरोबर येणारा भाग लागोपाठ दोन टप्प्यांवर मिळेपर्यंत थांबायचं नाही. ड्रायव्हर अनेकदा टीआयपी४१सी-४२सी किंवा २एससी४७९३-२एसए१८३७ असतात. बीडी१३९ बसवताना पाय बघून घ्या, त्याचे समोरून एमिटर, कलेक्टर, बेस असे आहेत, टीआयपीच्या उलट.

ब्रिजचे चारही डायोड तपासा. मग बोर्डाची सप्लायची कनेक्टर काढून नुसता ट्रान्सफॉर्मर, ब्रिज आणि कंडेन्सर सिरीज दिव्यावर चालू करा. २८ व्होल्ट एसीला प्रत्येक रेल ३८ ते ४१ व्होल्ट यायला हवी, ३५ ला ४८ ते ५१. दोन्ही बाजूंत एखाद्या व्होल्टपेक्षा जास्त फरक नको. मधली शून्याची तार सैल असेल तर हा फरक खूप मोठा दिसतो, आणि तीच तार आउटपुट उडण्याचं कारणही असू शकते.

माल घेताना

५२०० आणि १९४३ यांच्या नकला भरपूर आहेत. अस्सल भाग २३० व्होल्ट, १५ अँपिअर, १५० वॉटचा. नकलीत आत छोटी चिप असते, हलक्या आवाजात तो महिनोन्‌महिने चालतो आणि पहिल्या मिरवणुकीत जातो. मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात बुधवार पेठेत तापकीर गल्लीत घेताना एकाच बॅचचे मागा. हातात घेऊन वजन बघा, मागची धातूची पट्टी पातळ आणि अंग हलकं वाटलं तर ठेवून द्या. मीटरवर एचएफई (ट्रान्झिस्टर करंट किती पट वाढवतो तो आकडा) मोजता येत असेल तर एकाच बाजूच्या सगळ्यांचा आकडा जवळजवळ सारखा हवा. एक ७० आणि दुसरा १३० असे पॅरलल लावले की सगळ्यांचा भार एकावर येतो. भावात निम्म्याने फरक सांगणाऱ्या दुकानात मी तरी आउटपुट घेणार नाही.

एमिटर रेझिस्टन्स आहे त्याच किमतीचे आणि सगळे एकत्र बदला. फीडबॅकचा, म्हणजे आउटपुटचा अंश इनपुटकडे परत नेणाऱ्या वाटेवरचा, ४७ किंवा १०० मायक्रोफॅरडचा कंडेन्सरही बदला: आउटपुट रेलला चिकटला तेव्हा त्याच्यावरही डीसी चढलेला असतो आणि १६ व्होल्टचा असेल तर तो आतून गेलेला असतो. बायस ठरवणारा प्रीसेट (स्क्रूड्रायव्हरने फिरवायचा छोटा रेझिस्टन्स) उघडा कार्बनचा असेल तर तोही बदला. त्याचा सरकता काटा कधी तरी सुटतो आणि बायस हाताबाहेर जातो.

हीटसिंकवर बसवणं

जुनी वाळलेली पेस्ट पूर्ण खरवडून काढा. अभ्रकाच्या दोन्ही बाजूंना सिलिकॉन पेस्टचा थर इतकाच लावा की धातूचा रंग अंधुक दिसत राहील. पेस्टचं काम दोन पृष्ठभागांतली हवा भरून काढणं एवढंच आहे, जाड थर उष्णता अडवतो. ५२०० च्या स्क्रूचं भोक प्लास्टिकमध्ये असतं, त्याला फक्त अभ्रक पुरतो. टीआयपी४१ सारख्याला मात्र प्लास्टिकचा बुशही लागतो, नाहीतर स्क्रूच कलेक्टरला हीटसिंकशी जोडतो. सगळे घट्ट केल्यावर प्रत्येक कलेक्टर आणि हीटसिंक यांच्यात मीटर लावा. काहीही आकडा आला तर तिथे धातूचा कण किंवा तुटलेला अभ्रक आहे. आधी स्क्रू घट्ट करा आणि मग पाय झाळा. उलट केलं तर ताण सोल्डरवर येतो.

बायसचा ट्रान्झिस्टर, बहुधा बीडी१३९, हीटसिंकला टेकलेला असायलाच हवा, मध्ये अभ्रक घालून. आउटपुट तापले की त्यांना कमी व्होल्टेज लागतं. हा ट्रान्झिस्टर सोबत तापतो आणि ते कमी करतो. तो हवेत लोंबकळत ठेवलेला सेट गार असताना झकास वाजतो आणि तासाभराने स्वतःलाच जाळतो. दुरुस्त करून गेलेला सेट आठवड्यात परत येण्यामागे हेच कारण मी पहिल्यांदा बघतो.

पहिला करंट

सुरुवातीला सगळ्या जोड्या बसवू नका. प्रत्येक चॅनेलला एकच ५२०० आणि एकच १९४३. इनपुट शॉर्ट करा, स्पीकर नको, सेट सिरीज दिव्यावर. दिवा चमकून विझला तर पुढे. पेटलेलाच राहिला तर लगेच बंद.

दिवा विझला म्हणून सगळं ठीक, असं समजू नका. स्पीकर लावलेला नसताना आउटपुट थेट ४० व्होल्टच्या रेलला चिकटलेला असला तरी दिवा विझलेलाच राहतो, कारण करंट जायला वाटच नाही. तो जर ८ ओहमच्या स्पीकरला लागला तर व्हॉइस कॉइल काही सेकंदांत जळते. म्हणून मीटर डीसीवर ठेवून रिलेच्या आधी आउटपुट आणि ग्राउंड मोजा. ५० मिलिव्होल्टच्या आत असेल तर छान, १०० च्या वर असेल तर कारण शोधा.

आउटपुट रेलला चिकटला असेल तर फीडबॅकचा रेझिस्टन्स शोधा. आउटपुटकडून, इनपुटला असलेल्या दोन ट्रान्झिस्टरांच्या जोडीतल्या दुसऱ्याच्या बेसला जाणारा, बहुधा २२ ते ४७ किलोओहमचा. त्या बेसवर मोजा. आउटपुट चढलेला असून बेस शून्याजवळच असेल तर रेझिस्टन्स ओपन आहे किंवा फीडबॅक कंडेन्सर शॉर्ट. बेसही चढलेला असेल तर बातमी पोचते आहे, पण ऐकणारा मेलेला आहे: इनपुटची जोडी किंवा व्होल्टेज अॅम्प्लिफायर तपासा. इनपुट जोडीचे दोन्ही एमिटर एकत्र येतात तिथे शून्यापासून ०.६ व्होल्ट हवेत, ट्रान्झिस्टरच्या जातीप्रमाणे प्लस किंवा मायनस. दोन्ही ड्रायव्हरच्या बेसमध्ये मिळून २.२ ते २.४ व्होल्ट हवेत. तिथे याहून बरेच जास्त दिसले तर बायस ट्रान्झिस्टर ओपन आहे. दिवा काढला असता तर आत्ता दुसरी जोडी गेली असती.

बायस

प्रीसेट आधी सर्वांत कमी बाजूला न्यायचा. बाजू कळत नसेल तर दिव्यावर सेट चालू ठेवून ड्रायव्हरच्या बेसमधलं व्होल्टेज बघत हळू फिरवा, ज्या बाजूला कमी होतं ती बाजू. मग आउटपुटच्या एका एमिटर रेझिस्टन्सवर २०० मिलिव्होल्ट रेंज लावा. ०.२२ ओहमवर ५.५ मिलिव्होल्ट म्हणजे २५ मिलिअँपिअर, अशा सेटला तेवढं पुरतं. रेझिस्टन्स ०.३३ असेल तर त्याच करंटला साधारण ८ मिलिव्होल्ट. दिव्यावर रेल थोडी खाली असते, म्हणून आधी अंदाजे ३ वर ठेवा, सेट बंद करून कंडेन्सर डिस्चार्ज करा आणि उरलेल्या जोड्या बसवा. पुन्हा दिव्यावर बघा. सगळं जागच्या जागी असेल तरच थेट मेन द्या, मूळ किमतीचाच फ्यूज टाकून. फ्यूजच्या जागी तार गुंडाळलेली असेल तर ती आधी फेका.

पंधरा मिनिटं तापू द्या आणि मग ५.५ करा. प्रत्येक एमिटर रेझिस्टन्स मोजा. एकावर ५ आणि शेजारच्यावर १२ असेल तर ट्रान्झिस्टर जुळत नाहीत. आकडा दर मिनिटाला चढतच राहिला तर बायसचा ट्रान्झिस्टर हीटसिंकला नीट टेकलेला नाही.

झोबेल करपलेला होता त्यांच्यासाठी: गाणं नसताना बायस स्थिर, तरी हीटसिंक आणि झोबेलचा रेझिस्टन्स गरम होतो, असं झालं तर ऑसिलेशन अजून आहे. व्होल्टेज अॅम्प्लिफायरच्या कलेक्टर-बेसमधला ४७ ते १०० पिकोफॅरडचा सिरॅमिक कंडेन्सर बदला, मेलेल्या ट्रान्झिस्टरच्या जागी कोणी भलताच नंबर लावला आहे का ते बघा आणि बोर्डाजवळ रेलवर ०.१ मायक्रोफॅरड आहे का तेही.

भार देऊन

३३ ओहम १० वॉटचे चार रेझिस्टन्स पॅरलल केले की ८.२५ ओहम, ४० वॉटचा बनावट भार होतो. आधी जुन्या स्पीकरवर पाच मिनिटं हळू, मग या भारावर. त्याच्यावर एसी १२ व्होल्ट आले की १७ वॉट जात आहेत. तेवढ्यावर अर्धा तास ठेवा आणि भाराच्या रेझिस्टन्सना हात लावू नका, ते भाजतात. हीटसिंकवर बोट पाच सेकंद टिकलं पाहिजे. चालू ठेवून बोर्ड लाकडी काडीने हलके ठोका. आवाजात कडकड आली तर ड्राय सोल्डर अजून शिल्लक आहे.

शेवटी प्रोटेक्शन. बऱ्याच सेटांत यूपीसी१२३७ ही आयसी असते, चालू केल्यावर काही सेकंदांनी ती रिले लावते. आधीच्या कोणी रिलेच्या दोन पायांमध्ये तार लावून प्रोटेक्शन बाद केलं असेल तर ती काढा. पंख्याची पाती साफ करा, तो चालू असल्याचं डोळ्यांनी बघा, मग झाकण लावा. सेट देताना गिऱ्हाइकाला किती ओहमपर्यंत स्पीकर लावायचे ते सांगा आणि मागच्या पट्टीवर मार्करने लिहूनही द्या.